डिझायर एएमटी की अमेझ सीव्हीटी? चढ आणि ट्रॅफिक बघून ठरवा

मारुतीची डिझायर आणि होंडाची अमेझ: दोन्ही चार मीटरच्या आतल्या सेडान, दोन्ही 1.2 लिटर पेट्रोल. डिझायरचं तीन सिलिंडरचं इंजिन 82 पीएसचं, अमेझचं चार सिलिंडरचं 90 पीएसचं. डिकी अनुक्रमे 382 आणि 416 लिटर. या आकड्यांवरून गाडी ठरवू नका. रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाची यंत्रणा करते, क्लच प्लेट मात्र तीच. त्यामुळे चढावरच्या सिग्नलला ब्रेक सोडून नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली की अर्ध्या क्लचवर प्लेट घासत राहते, तापते आणि जळका वास येतो. चढावर गाडी मागे घसरू न देणारा हिल होल्ड आहे, पण तो दोनेक सेकंदांपुरता, पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर नेण्यासाठी. गाडी ब्रेकवरच धरा. घाट चढताना डी (ड्राइव्ह) मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची उलटापालट सुरू झाली की एम (मॅन्युअल) मध्ये टाकून दुसरा गिअर धरून ठेवा. उतरतानाही तेच, म्हणजे इंजिन ब्रेकिंग मिळतं, इंजिनच वेग रोखून धरतं.

पार्किंगचं नीट समजून घ्या, कारण डिझायर एएमटीला पी (पार्किंग) नाही. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर डी किंवा आर (रिव्हर्स) मध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मगच इंजिन बंद करा. एन (न्यूट्रल) मध्ये बंद केलेली गाडी उतारावर फक्त हँडब्रेकच्या भरवशावर उभी राहते.

अमेझच्या सीव्हीटीत गिअरच्या पायऱ्याच नाहीत. दोन पुली आणि स्टीलचा बेल्ट, पुढे टॉर्क कन्व्हर्टर. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये झटका नाही की क्लच जळण्याची भीती नाही, आणि या बाबतीत एएमटी तिच्या जवळपासही पोचत नाही. जोरात रेस दिली तर आधी इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबायची सवय लावली की हे बरंच कमी होतं. घाट उतरताना डी वर विसंबू नका, एस (स्पोर्ट) घ्या. गिअरबॉक्सच्या ऑइलच्या बाबतीत तडजोड नको: होंडाचं सीव्हीटीसाठीचं एचसीएफ-2 च हवं. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतलं तर बेल्ट पुलीवर घसरतो, आणि सीव्हीटीची दुरुस्ती क्लच सेटपेक्षा कैक पटींनी महाग.

खर्चाच्या बाबतीत डिझायर सरळ स्वस्त पडते. मॅन्युअलपेक्षा एएमटीला साधारण पन्नास हजार जास्त, अमेझ सीव्हीटीला लाखाच्या आसपास. कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला अनुक्रमे 25.71 आणि 19.46 किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर कागदावर साडेबारा लिटरचा फरक, म्हणजे तेराशे रुपयांच्या घरात. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, तरी डिझायर पुढेच राहते. क्लच प्लेट बदलायची वेळ आली तर स्कॅनर लावून क्लचचं नव्याने लर्निंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख, करून घ्या. ते राहिलं तर नव्या प्लेटवरही गाडी झटके देते.

रनिंग बहुतेक मोकळ्या रस्त्यावर आणि भरपूर असेल तर डिझायर एएमटी. रोज तासभर ट्रॅफिकमध्ये रखडत असाल किंवा सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प खडा असेल, तर जास्तीचे पैसे अमेझवर घाला. टेस्ट ड्राइव्हला हायवेवर पळवण्यापेक्षा दोन्ही गाड्या त्याच रॅम्पवर न्या, मध्येच थांबवा आणि रिव्हर्समध्ये चढवून बघा.