कॅसाव्हेटिसचे पाच सिनेमे आणि आमच्या आईचं निदान

बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानात जुलैत क्रायटेरियनच्या (निवडक जुने-नवे सिनेमे काढणारी कंपनी) डिस्क निम्म्या किमतीत मिळतात. तेव्हा जर्सी सिटीच्या घरी आणलेला हा ब्लू-रे संच. अमेरिकन दिग्दर्शक आणि नट जॉन कॅसाव्हेटिस, त्याचे पाच चित्रपट, 'शॅडोज' (१९५९) ते 'ओपनिंग नाइट' (१९७७).

अमेरिकन इंडिपेंडंट सिनेमा म्हणजे हलता कॅमेरा आणि अनोळखी नट, अशी माझी समजूत होती. मुद्दा वेगळाच निघाला: पैसे कुणाचे आणि कात्री कुणाच्या हातात? 'शॅडोज'साठी या बाबानं जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांकडेच पैसे मागितले, आणि लोकांनी पाठवलेसुद्धा! पुढे 'रोझमेरीज बेबी'सारख्या हॉलिवूडपटांत कामं करून मिळालेले पैसे स्वतःच्या सिनेमांत ओतले. 'फेसेस' बराचसा राहत्या घरातच चित्रित केला.

'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी (१९७४) ते घरही गहाण पडलं. त्यात नवरा झालेल्या पीटर फॉकनं (तोच, टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कोलंबो) पदरचे पैसे घातले. वितरक मिळेना, तेव्हा थिएटरांना फोनही यांनीच केले. हा एक सिनेमा असता तरी संचाचे पैसे वसूल झाले असते. सांगलीहून आलेल्या आईला इंग्रजी जेमतेम, तरी ती जागची हलली नाही. रात्रपाळी संपवून नवरा सगळं टोळकं घेऊन सकाळीच घरी येतो, बायको झालेली जीना रोलंड्स त्यांना स्पॅगेटी करून वाढते, आणि तो सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसतो. आई म्हणाली, "वेडी ही नाहीये. आधी ह्याला दाखवा डॉक्टरला."

'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी'च्या दोन्ही आवृत्त्या आहेत, १३५ आणि १०८ मिनिटांची. सिनेमा पडल्यावर कॅसाव्हेटिसनं स्वतःच तो पुन्हा कापला. मला लांबडीच आवडली, बायको १०८च्या बाजूनं. संचातला कॅसाव्हेटिसवरचा तीन तासांहून मोठा माहितीपट कपड्यांना इस्त्री करता करता बघावा. 'शॅडोज' १६ मिमीवरचा, चित्र खरबरीत, तसंच शोभतं. सबटायटल्स मात्र चालू ठेवा, सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात.

"त्या बाईचे अजून आहेत का रे?" आईनं विचारलं. अजून दोन आहेत, पण डिस्क सांगलीला नेऊन उपयोग नाही. ब्लू-रेला प्रदेशानुसार कुलूप असतं: या रीजन ए, तिकडचे प्लेअर रीजन सी. तिचं विमान रविवारी, म्हणून शुक्रवारी 'फेसेस' आणि शनिवारी 'ओपनिंग नाइट'.