जुना थिन क्लायंट: नेटवर्क बूट की एसएसडी?

शाळेच्या लॅबसाठी जुने थिन क्लायंट (सर्व्हरच्या भरवशावर चालणारे छोटे संगणक) घेतले, आता आतली इवलीशी फ्लॅश पुरत नाही. काय करावं? दोन वाटा: नेटवर्क बूट, म्हणजे यंत्र सर्व्हरवरून नेटवर्कमार्गे सुरू करणं, किंवा प्रत्येक यंत्रात एसएसडी (वेगवान डिस्क) टाकणं.

खर्चात नेटवर्क बूट पुढे: यंत्रामागे खर्च शून्य, फक्त एक सर्व्हर कायम चालू हवा.

खरा फरक मेहनतीत आहे. नेटवर्क बूटसाठी यंत्राच्या बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची सोय, चालू करायची; राउटरला हात न लावता सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून बसतो, म्हणजे आयपी पत्ते राउटरच देतो, हा फक्त बूट कुठून करायचं ते सांगतो. एलटीएसपी (नेटवर्क बूटसाठीचं लिनक्स सॉफ्टवेअर) वापरलं, तर सर्व्हरवरची एकच इमेज (सिस्टीमची तयार प्रत) बदलली की पुढच्या बूटला सगळी यंत्रं अद्ययावत. एसएसडीत तेच काम प्रत्येक यंत्रावर.

वेगात एसएसडीच. 100 एमबीपीएस स्विचवर सर्व्हरकडून सेकंदाला जेमतेम 12 एमबी येतात, तेही सगळ्यांत वाटून. गिगाबिट घ्याच. शिवाय नेटवर्क बूटमध्ये सर्व्हर बंद पडला की सगळी लॅब बंद.

दहा-वीस यंत्रं असतील तर नेटवर्क बूट. घरी एकच असेल किंवा वायफायवर चालवायचं असेल, तर एसएसडी टाका.