व्हीआरमधला स्क्वॉट: चूक लगेच दाखवावी की नंतर?

व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट लावून स्क्वॉट (उठाबशीसारखा व्यायाम) मारताना गुडघा आत वळला की आभासी पाय तिथल्या तिथे लाल होतो. नवशिक्याला हे फार सोयीचं, चूक नेमकी कुठे होतेय ते लगेच कळतं. पण मान खाली घालून पाय बघत बसलं की पाठ वाकते. त्यापेक्षा रंग समोरच्या आभासी आरशात दाखवलेला बरा.

दुसऱ्या पद्धतीत सेट संपल्यावर आपलीच हालचाल बाजूने दिसते. तोवर अंदाज आपणच घ्यायचा. सतत मिळणाऱ्या मार्गदर्शनावर शिकणारा विसंबतो आणि ते काढलं की कामगिरी घसरते, असं सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्येच मांडलं होतं. म्हणून सुरुवातीला लाल रंग, मग तो कमी करत नुसता रिप्ले, हेच मला पटतं. गुडघ्याची दुखापत असेल, तर मात्र लगेचचा इशारा चालूच ठेवा.