पोस्टडॉकच्या खोट्या ऑफर लेटरने एक लाख बारा हजार नेले

माझी पीएचडी क्षयाच्या जंतूवर. हा जंतू त्याला गिळणाऱ्या पेशीतच तग धरतो, तिथली आम्लता वाढू देत नाही. पाच वर्षं तेच बघत होते. फेलोशिप संपली, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा लांबली, आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, मी रोज प्राध्यापकांना मेल टाकत होते. बहुतेकांचं उत्तरच येत नसे.

मग एक आलं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठातल्या खऱ्या प्राध्यापकाच्या नावाने. माझ्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीबद्दल त्यात नेमकं विचारलं होतं: आम्लता मोजताना तुलनेसाठी मृत जंतूंचा कंट्रोल घेतला होता का? परीक्षकांशिवाय कुणीच ती आकृती इतकी नीट पाहिली नव्हती. मी हुरळून गेले.

मुलाखत चॅटवर झाली. सर प्रवासात आहेत, व्हिडिओ जमणार नाही, असं सांगितलं. दोन दिवसांत ऑफर लेटर आलं. पगार वर्षाला ६१,००८ डॉलर. हा आकडा मी तपासला होता. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉक स्टायपेंडशी तो तंतोतंत जुळला, म्हणून शंका राहिलीच नाही. पुढे लिहिलं होतं: संशोधकांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म, सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी नोंदणीची फी) आणि विमा मिळून १,१२,००० रुपये ४८ तासांत भारतातल्या 'प्रतिनिधी'च्या खात्यात भरा.

बाबा म्हणाले, "अगं, एवढी कसली घाई?" मी म्हटलं, "बाबा, ग्रँटला मुदत असते." त्यांनी एफडी मोडली.

आठवड्याने आणखी ८५,००० अनामत मागितली, तेव्हा लॅबमधल्या दादाला मेल दाखवला. त्याने पत्त्यावर बोट ठेवलं. विद्यापीठाचा खरा पत्ता डॉट ईडीयूवर संपतो. याच्यात विद्यापीठाच्या नावापुढे आडवी रेघ, मग ईडीयू, आणि शेवटी डॉट ओआरजी. महिनाभर ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. विभागाच्या पानावरून खऱ्या प्राध्यापकांना लिहिलं. त्यांच्याकडे जागाच नव्हती.

पोस्टडॉक शोधणाऱ्यांनो, हे नीट वाचा. डीएस-२०१९ तुम्हाला घेणारी संस्था देते. जे-१ ची सेव्हिस फी २२० डॉलर असते. फॉर्म हातात आल्यावर त्यावरचा एन अक्षराने सुरू होणारा क्रमांक टाकून ती अमेरिकी सरकारच्या साइटवर आपणच भरायची असते. ती कुठल्याही प्रतिनिधीच्या खात्यात जात नाही. पगार, ग्रँट, पेपर यांची माहिती कुणालाही मिळते, त्यावर विसंबू नका. प्राध्यापकांशी व्हिडिओवर बोला, त्यांच्या लॅबमध्ये सध्या असलेल्या पोस्टडॉकलाही लिहा.

आणि पैसे गेलेच, तर लाज धरून बसू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कळल्यावरही मी घरी काय सांगायचं या विचारात दोन दिवस घालवले. तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते. बँकेला त्यातले १४,००० रोखता आले.