'रन'च्या कसोटीवर एक इंग्रजी-मराठी कोश

इंग्रजी-मराठी कोश विकत घेताना बहुतेक जण मुखपृष्ठावरचा शब्दसंख्येचा आकडा पाहतात आणि प्रकाशकही तोच ठळक छापतात. भाषांतराचे काम करणाऱ्याला मात्र लांबलचक शब्दांचा त्रास फारसा नसतो; 'फोटोसिंथेसिस'साठी 'प्रकाशसंश्लेषण' कोणत्याही कोशात सापडते. अडवतात ती 'सेट', 'टेक', 'रन' यांसारखी प्राथमिक शाळेत शिकलेली क्रियापदे. म्हणून दादरच्या एका दुकानातून घेतलेल्या मध्यम आकाराच्या कोशाची पारख मी प्रामुख्याने 'रन' या एकाच नोंदीवरून केली. कोशाचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा या आकाराच्या इतर कोशांतही आढळतात.

या शब्दाचा पसारा केवढा आहे, हे आधी सांगायला हवे. १९८९ मध्ये निघालेल्या ऑक्सफर्डच्या वीस खंडी इंग्रजी कोशात सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर यांना त्या कामाला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. हाताशी ठेवण्याच्या कोशाकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही, पण जे थोडे अर्थ द्यायचे त्यांची निवड आणि मांडणी तरी नेटकी हवी.

येथे नोंद सुरू होते ती 'धावणे, पळणे, वाहणे, चालणे, चालवणे, पसरणे' अशा स्वल्पविरामांनी जोडलेल्या रांगेने. यांपैकी कोणता शब्द केव्हा घ्यायचा, हे ठरते कर्त्यावरून, आणि कर्ता मात्र कोशाने गाळून टाकला आहे. नाक वाहते, साडीचा रंग जातो, नळ चालू राहतो, करार अमुक तारखेपर्यंत लागू असतो, रस्ता किनाऱ्याला लागून जातो; इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी 'रन' चालते. लोकल उशिराने 'धावत आहेत' हे स्थानकावर रोज ऐकू येत असल्याने तेवढे एक वाक्य कोशाशिवायही जमते. अमेरिकेतील उमेदवार 'रन' करतो आणि ब्रिटनमधील 'स्टँड' करतो, हा भेद नोंदवलेला नाही. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो, तेव्हा तो सांगणे कठीण नव्हते.

खरा घोटाळा पुढे आहे. बँकेवरच्या 'रन'ला येथे 'बँकेवरील धाव' म्हटले आहे. त्यावरून ठेवी काढून घेण्यासाठी खातेदारांची झुंबड उडाली आहे, असे कोणाच्याही ध्यानात येणार नाही. मुंबईत जागेच्या व्यवहारांची कागदपत्रे मराठीत आणणाऱ्यांना जमिनीबरोबर 'रन' होणारी अट अधूनमधून भेटते. मालक बदलला तरी जी नव्या मालकावर बंधनकारक राहते, अशी ती अट. कोशात ती नाहीच, आणि वरच्या रांगेतून शब्द उचलला तर 'जमिनीबरोबर धावणारी अट' तयार होते. ज्यांच्या भाषेत 'गाडी लागली' म्हटल्यावर ती फलाटाला लागली की प्रवाशाला, हे संदर्भावरूनच कळते, त्या संपादकांना संदर्भाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

नामाचा भाग तुलनेने बराच चांगला आहे. क्रिकेटमधील 'धाव' तर आहेच, पण पायमोज्याची सुटलेली वीण, छापलेल्या प्रतींची संख्या आणि 'ड्राय रन'साठी 'सराव फेरी' हेही नीट दिले आहे. वर्तमानपत्रे येथे सर्रास 'रंगीत तालीम' लिहितात. वेशभूषा, प्रकाशयोजना यांसह होणारी ती नाटकवाल्यांची तालीम वेगळी, हे संपादकांनी ओळखले, याचे कौतुक वाटते.

छपाई स्वच्छ आहे आणि बांधणी पक्की आहे. 'रन आउट', 'रन डाउन', 'रन इंटू' हे जोडप्रयोग मात्र नोंदीच्या मजकुरातच विखुरले असल्याने प्रत्येक वेळी पूर्ण स्तंभ वाचावा लागतो. ते जाड ठशात नव्या ओळीवर घेतले असते तर एखादे पानच वाढले असते. इंग्रजी वाचून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याने हा कोश जरूर घ्यावा. मराठीत लिहून द्यायचे काम असेल, तर वापराची उदाहरणे देणारा एखादा इंग्रजी-इंग्रजी कोश शेजारी ठेवावा आणि किमतीचा हिशेब दोन्ही पुस्तके मिळून करावा.