सेकंडहँड आउटबॅक, एक्ससी ७० की ऑलट्रॅक?

बॉस्टन, बफेलो किंवा डेन्व्हरकडे नव्याने आलेल्या मराठी घरात पहिला हिवाळा सरत आला की गाडी बदलायचा विषय निघतो, आणि कोणीतरी सांगतंच, "सुबारू घे, डोळे झाकून घे." सल्ला वाईट नाही. पण जुन्या गाडीत नुसत्या नावावर जाऊन भागत नाही. २०१२ची आउटबॅक आणि २०१३ची आउटबॅक बाहेरून जुळ्या बहिणी. आत इंजिन वेगळं, म्हणून दुखणंही वेगळं.

इथे तीन गाड्या शेजारी ठेवल्या आहेत. सुबारू आउटबॅक (२०१० ते २०१९), व्होल्वो एक्ससी ७० (२००८ ते २०१६) आणि फोक्सवॅगन गोल्फ ऑलट्रॅक (२०१७ ते २०१९). तिन्ही ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशा मिळतात, आणि तिन्ही खऱ्या अर्थाने वॅगन, म्हणजे छत मागच्या दारापर्यंत नेलेल्या लांब गाड्या. (पुण्यामुंबईत वॅगन म्हटलं की टाटा इस्टेट आठवणारी पिढी आता पन्नाशीपुढे गेली, आपल्याकडे हा प्रकार कधी रुजलाच नाही, त्यामुळे इकडे आल्यावर त्याची पारख नव्याने शिकावी लागते.) दहा वर्षांची गाडी काही ना काही दुखणं घेऊन येणारच. माझा प्रश्न एवढाच असतो की तिचं महागडं दुखणं पैसे देण्याआधी दिसतं का.

आउटबॅक: कुठलं साल, कुठलं इंजिन

२०१० ते २०१२च्या २.५ लिटर आउटबॅकमध्ये जुन्या ईजे मालिकेचं इंजिन आहे. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गळण्यासाठी ते बदनाम, आणि बदनामी उगाच नाही. या इंजिनाचे सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यामुळे गॅस्केटच्या खालच्या कडेपाशी तेल आणि कूलंट कायम साचून राहतं आणि गळती सुरू झाली की ती तिथून बाहेर झिरपते. म्हणजेच हा दोष पकडायला सोपा आहे. गाडी लिफ्टवर चढवा आणि हेड व ब्लॉक जिथे जुळतात त्या रेषेवर खालून टॉर्च मारा. तेलाचा काळपट ओला थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसली तर गॅस्केटने गळायला सुरुवात केली आहे. नुकतंच प्रेशरने धुतलेलं लख्ख इंजिन दिसलं तर मी जास्तच सावध होतो. याच इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो १,०५,००० मैलांना बदलायचा, कारण तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच जातं. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून भाव बोला.

२०१३पासून एफबी इंजिन आलं. बेल्टच्या जागी चेन आली, गॅस्केटची कटकट पुष्कळ कमी झाली, आणि तेल पिण्याची तक्रार सुरू झाली. प्रकरण कोर्टात गेलं; २०१६च्या तडजोडीत सुबारूने काही मॉडेलांची इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. २०१३ची २.५ लिटर आउटबॅक त्या यादीत आहे, पण ती मुदत कधीच उलटून गेली. तेल पिणारं इंजिन अर्ध्या तासाच्या चकरेत ओळखू येत नाही. ते कळायला तेल पुरतं भरून हजारबाराशे मैल चालवावं लागतं. तुमच्या हातात राहते फक्त डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी. इंजिन थंड असताना काढा, पुसा, पुन्हा घाला, आणि मग विचारा, ऑइल केव्हा बदललं? बदलून चार हजार मैल झालेत आणि पातळी अजून वरच्या खुणेजवळ आहे, तर चांगलं लक्षण. कालच बदललेल्या सोनेरी तेलावरून काहीही कळत नाही.

दुसरा मोठा विषय गिअरबॉक्सचा. २०१०पासून २.५ लिटरच्या ऑटोमॅटिक आउटबॅकला सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्याही तक्रारी इतक्या झाल्या की २०१० ते २०१८मधल्या अनेक सुबारूंची सीव्हीटी वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली. २०१७-१८ची गाडी बघत असाल तर ती पहिल्यांदा कोणत्या तारखेला विकली गेली ते विचारून हिशेब करा. त्याहून जुन्यांच्या बाबतीत तो आधार आता संपल्यात जमा. चालवताना बघायचं ते हे: सिग्नलला थांबता थांबता गाडीला थरथर येते का, इंजिन बंद पडायच्या बेताला येतं का, हळू वेगात उगाच घुरघुर ऐकू येते का. सीव्हीटीचं तेल ५०-६० हजार मैलांना बदलावं असं बरेच स्वतंत्र मेकॅनिक सांगतात. ते बदललेल्या पावतीची किंमत माझ्या लेखी अलॉय व्हीलपेक्षा जास्त.

या सगळ्या कटकटींतून बरीचशी सुटलेली एक आउटबॅक आहे, २०१० ते २०१४ची ३.६आर. सहा सिलिंडर, २५६ हॉर्सपॉवर, टायमिंग चेन, आणि मुख्य म्हणजे सीव्हीटी नाही, साधा पाच गिअरचा ऑटोमॅटिक. २०१५पासून ३.६लाही सीव्हीटी जोडला, म्हणून सालाची अट महत्त्वाची. पेट्रोल पिते, गॅलनला सरासरी २० मैलांच्या आसपास, तर २०१३-१४ची २.५ लिटर साधारण २६. वर्षाला दहाबारा हजार मैल फिरणाऱ्याला हा फरक जाणवेल, पण एका बसलेल्या सीव्हीटीच्या बिलापुढे तो काहीच नाही.

२०१५ ते २०१९च्या आउटबॅकवर उभ्या गाडीची बॅटरी उतरण्यावरून खटला झाला, पुढच्या काचा लवकर तडकण्याचीही ओरड झाली. त्रासदायक खरं, पण यापायी गाडी नाकारू नये. बॅटरी कधी बदलली तेवढं विचारा.

एक्ससी ७०: स्वस्त का मिळते

व्होल्वोचं नाव ऐकलं की आपल्या लोकांना सुरक्षितता आठवते आणि पाठोपाठ स्पेअर पार्टचा भाव. दुसरी भीती खरी आहे, म्हणून तर त्याच मैलांची एक्ससी ७० अनेकदा आउटबॅकपेक्षा कमी पैशात मिळते. पण यंत्र म्हणून ती मला आवडते. २००८नंतरच्या पिढीत ३.२ लिटरचं टर्बोशिवायचं सहा सिलिंडर इंजिन टायमिंग चेनसह मिळतं. गिअरबॉक्स आयसिन कंपनीचा सहा गिअरचा, कुठल्याही सीव्हीटीपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. डिपस्टिकची परीक्षा मात्र हिलाही लावा.

हिची नाजूक बाजू मागच्या चाकांकडे आहे. सुबारू चारही चाकांना कायम जोर पुरवते. व्होल्वोत आणि ऑलट्रॅकमध्ये हॅल्डेक्स नावाची व्यवस्था आहे: गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते, आणि गरज पडली की तेलाच्या दाबाने क्लच आवळून मागची चाकं जोडली जातात. तो दाब देणारा छोटा पंप घाणीने तुंबला की मागची चाकं गप्प होतात. कोरड्या रस्त्यावर कळतही नाही. कळतं ते जानेवारीत, घरासमोरच्या चढावर. म्हणून ओल्या गवतावर किंवा खडीवर गाडी उभी करून एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पुढची चाकं नुसती फिरत राहिली तर मेकॅनिककडे स्कॅनर लावून घ्या आणि हॅल्डेक्सचं तेल कधी बदललं होतं ते विचारा.

याआधीच्या, २००७पर्यंतच्या एक्ससी ७०पासून मी लांब राहीन. पुढच्या बाजूच्या अँगल गिअरचे (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या गिअरचे) दाते झिजतात, आणि दुरुस्ती टाळण्यासाठी काही मालक मागे जाणारा शाफ्टच काढून टाकतात. विकताना पाटी तीच, ऑल-व्हील-ड्राइव्ह! लिफ्टवर गाडी असताना पुढून मागे जाणारा तो लांब दांडा जागेवर आहे ना, एवढं तरी बघाच.

ऑलट्रॅक: पावत्या असतील तरच

तिघींत चालवायला सगळ्यात मजेदार ही, आणि सगळ्यात कमी उंचीची. जमिनीपासून अंतर ६.९ इंच, आउटबॅकचं ८.७, एक्ससी ७०चं ८.३. नांगर न फिरलेल्या बर्फात हा दीड-दोन इंचांचा फरक जाणवतो. १.८ लिटर टर्बो इंजिन दमदार, पण त्याच्या वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर गळतं. कूलंटची टाकी खुणेखाली असेल तर प्रश्न विचारा. पॅनोरमिक सनरूफच्या नळ्या तुंबून पाणी आत येतं, म्हणून पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा. डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल दर ४० हजार मैलांना बदलावंच लागतं. ते बदलल्याचा कागद नसेल तर विषय तिथेच संपवा.

तिघींना लागू

टायर बघा, आणि चारही बघा. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधल्या क्लचवर सतत ताण येतो. सुबारूत घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवतात. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळली, कुणीतरी मागून ब्रेक धरल्यासारखी चालली, तर मधला क्लच आवळून बसलाय. तुमच्या बजेटमुळे २००९च्या आधीची चार गिअरची ऑटोमॅटिक सुबारू समोर आली, तर बॉनेट उघडून फ्यूजही बघा: तिथे एक फ्यूज घातला की मागच्या चाकांचा जोर तुटतो आणि हे अडखळणं लपतं. डॅशबोर्डवर तेव्हा एफडब्ल्यूडीचा (फक्त पुढच्या चाकांना जोर) दिवा लागलेला असतो.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात त्या पट्ट्यातली गाडी, म्हणजे मिशिगन, ओहायो, अपस्टेट न्यूयॉर्क, खालून बघितल्याशिवाय घेऊच नका. मागची सबफ्रेम (मागच्या चाकांना आधार देणारी खालची चौकट) आणि ब्रेकच्या नळ्या आधी. वरचा गंज रंगाखाली झाकता येतो, खालचा सहसा कोणी झाकत बसत नाही. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीने करून द्यायची दुरुस्ती, बाकी आहे का ते फुकटात कळतं. २०१४पर्यंतच्या आउटबॅकला टकाटा एअरबॅगचा रिकॉल होता, तो पूर्ण झाला असलाच पाहिजे.

माझा कौल? घराजवळ चांगला स्वतंत्र सुबारू मेकॅनिक असेल आणि ३.६आर, २०१४ किंवा आधीची, कमी गंजलेली मिळाली तर पहिली पसंती ती. पेट्रोलचा खर्च झेपणार नसेल तर २०१७ ते २०१९ची २.५, सीव्हीटीच्या तेलाच्या पावतीसकट. रोजचं अंतर थोडं, घरात लहान मुलं आणि जवळ व्होल्वो जाणणारा माणूस, तर ३.२ची एक्ससी ७० त्याच पैशात जास्त गाडी देते. ऑलट्रॅक मी फक्त एकाच मालकाच्या हातची, सगळ्या कागदांसकट घेईन, आणि तीही शहराजवळ राहणाऱ्यासाठी.

राहता राहिला कायदा, आणि तो राज्यागणिक बदलतो. मॅसॅच्युसेट्समध्ये डीलरने विकलेल्या, सव्वा लाख मैलांच्या आतल्या गाडीला मैलांनुसार ३०, ६० किंवा ९० दिवसांची वॉरंटी द्यावीच लागते. न्यू जर्सीत ७ वर्षांहून जुनी किंवा १ लाख मैलांवरची गाडी अशा संरक्षणाबाहेर, म्हणजे सगळ्या एक्ससी ७० बाहेर. अनेक राज्यांत काचेवरच्या बायर्स गाइडवर (वॉरंटीच्या अटी सांगणाऱ्या कागदावर) 'अ‍ॅज इज', म्हणजे 'आहे तशी', या चौकटीत खूण असली की गेटबाहेर पडल्यावर दुरुस्ती सर्वस्वी तुमची. म्हणून सही करण्याआधी शेदोनशे डॉलर देऊन आपल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विक्रेता गाडी तिथे न्यायला नाही म्हणाला, तर पुढची गाडी बघायला निघा.