स्टेलेरियम : साध्या संगणकावर आकाश कोठे अडते?

स्टेलेरियम हा आकाशदर्शनाचा मुक्त आणि विनामूल्य प्रोग्राम आहे. तो उत्तमच आहे, हे मी सुरुवातीलाच सांगतो. मात्र जुन्या किंवा साध्या संगणकावर तो चालू केला की मधेच पडदा थांबतो आणि माउस हलेनासा होतो, अशी तक्रार इंदूरमधील अनेक घरांत ऐकू येते, आणि तेवढ्यावरून प्रोग्राम काढून टाकला जातो किंवा नवा संगणक घेण्याचे ठरते. या दोन्ही गोष्टींची घाई करू नये, कारण संगणक का अडतो हे शोधण्याची बरीच साधने याच प्रोग्रामात आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

आधी त्याचा उपयोग पाहू. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. त्यामुळे येथे वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला, सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. जुलैतील शून्यसावली, म्हणजे उभ्या वस्तूची सावली न पडण्याचा हा क्षण, बहुधा ढगांत हरवते. स्टेलेरियममध्ये मात्र स्थान इंदूर ठेवून, एफ५ने तारीख बदलून आणि झेड कळीने क्षितिजाधारित जाळी आणून ती मुलांना केव्हाही दाखवता येते. हा क्षण बारा वाजता न येता साधारण साडेबाराच्या सुमारास का येतो, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण पावणेसात अंश पश्चिमेला आहोत. उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र, म्हणजे मोठे सूर्यघड्याळ, स्थानिक वेळ दाखवते. ते पाहायला जाण्यापूर्वी मुलांनी घरी हा फरक पडद्यावर पाहिला असेल, तर यंत्रासमोर उभे राहून त्यांनी विचारलेले प्रश्नही वेगळे असतात. माझ्या मते या एका कारणासाठी तरी हा प्रोग्राम प्रत्येक शाळेत असावा.

आता अडण्याविषयी. ‘हँग झाला’ या दोन शब्दांत तीन वेगळे दोष एकत्र होतात आणि ते वेगळे केल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ राहत नाही. पहिल्या प्रकारात केवळ स्टेलेरियमची खिडकी थांबते, पण माउस हलतो आणि बाकीचे प्रोग्राम चालतात. एफ१० दाबून उघडणाऱ्या खगोलगणन विभागात गुरू-शनीच्या युतीसारख्या घटना मोठ्या कालखंडात शोधायला सांगितल्या की असे होते. येथे बिघाड काहीच नसतो, गणित चाललेले असते. कालखंड लहान करावा किंवा वाट पाहावी. दुसऱ्या प्रकारात पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. पडद्यावरील चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने दिलेले काम ठरावीक वेळात, मूळ मांडणीनुसार २ सेकंदांत, पुरे केले नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने चालू करते आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद आढळू शकते. तिसऱ्या प्रकारात सर्वच थांबते, नमलॉकचा दिवाही दाद देत नाही, किंवा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेव्हा संशय उष्णता, वीजपुरवठा किंवा सदोष मेमरी यांच्याकडे न्यावा. त्याच नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली, तरी तिचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नाही एवढाच असतो. कारण ती सांगत नाही.

माझ्या लॅपटॉपवर दोष दुसऱ्या प्रकारचा होता आणि मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, त्यात तिसऱ्याची भर पडली. एफ१ दाबून उघडणाऱ्या मदतीच्या खिडकीत नोंदींचे पान आहे. कोणते ग्राफिक्स कार्ड आणि ओपनजीएलची (प्रोग्राम ज्या प्रणालीद्वारे कार्डाकडून चित्रे काढून घेतो तिची) कोणती आवृत्ती प्रत्यक्ष वापरली जात आहे, हे तेथे लिहिलेले असते. ते वाचल्यावर उलगडा झाला की लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही सारे काम प्रोसेसरमधील जोड ग्राफिक्सवर, तेही जुन्या ड्रायव्हरने चालले होते. स्टेलेरियमसाठी ओपनजीएल ३.३ किंवा त्यापुढील आवृत्तीची शिफारस आहे. ड्रायव्हरच बसवलेला नसेल आणि विंडोजचा प्राथमिक ड्रायव्हर काम करत असेल, तर ओपनजीएल १.१च्या पुढे जात नाही. ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतला, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्टेलेरियमला उच्च क्षमतेचे कार्ड नेमून दिले, आणि इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधील एका कारागिराकडून पंख्यातील धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घेतली, तेव्हा दोन्ही त्रास थांबले.

ज्यांच्याकडे स्वतंत्र कार्ड नाही, त्यांना प्रोग्रामचा भार कमी करावा लागेल, आणि तो एका वेळी एकच गोष्ट बंद करून करावा. प्रथम ए दाबून वातावरण काढावे. तेवढ्याने संगणक मोकळा झाला, तर एफ४च्या खिडकीत वातावरणाचे ‘शो-माय-स्काय’ प्रारूप निवडलेले आहे का ते पाहावे. संधिप्रकाशाचे रंग त्यात फार सुंदर दिसतात, पण ते ग्राफिक्स कार्डाकडून पुष्कळ काम करून घेते. जुने ‘प्रीथम’ प्रारूप शिकवण्यासाठी पुरेसे आहे. त्यानंतर कृत्रिम उपग्रहांचा प्लगिन, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला वाढीव भाग. त्यातील प्रत्येक उपग्रहाचे स्थान सतत मोजले जाते, आणि हजारो उपग्रहांची यादी भरलेली असेल तर प्रोसेसर त्यातच गुंततो. ज्यांना केवळ नक्षत्रे पाहायची आहेत त्यांनी हा प्लगिन बंदच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लघुग्रह आणि धूमकेतू हजारोंनी भरून त्यांच्या कक्षा दाखवणेही असेच महागात पडते. मूळ यादीत सुमारे ६ लाख तारे आहेत. वाढीव याद्या उतरवल्यास तो आकडा १७ कोटींच्या पुढे जातो, पण नुसत्या डोळ्यांना निरभ्र रात्रीही काही हजारच तारे दिसतात. दुर्बिणीने अंधूक तारे शोधणाऱ्यांखेरीज इतरांनी त्या याद्यांच्या मागे लागू नये.

याच क्षेत्रातील गाया स्काय हा हायडेलबर्ग विद्यापीठात तयार झालेला प्रोग्राम ताऱ्यांची स्थाने आणि अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाची माहिती त्रिमितीत दाखवतो. तो भव्य आहे, पण मोठे माहितीसंच निवडल्यास साध्या यंत्राला पेलत नाही. स्पेस-इंजिन या अवकाशदर्शनाच्या प्रोग्रामलाही ग्राफिक्स मेमरी भरपूर लागते. घरातील एकमेव संगणकासाठी मी स्टेलेरियमच सुचवीन.

त्यात एक मोठी उणीव मात्र आहे. भार कमी करणाऱ्या सेटिंग एफ२, एफ४ आणि प्रत्येक प्लगिनच्या स्वतंत्र खिडकीत विखुरलेल्या आहेत, आणि त्यांचे स्पष्टीकरण शेकडो पानांच्या इंग्रजी मार्गदर्शिकेत शोधावे लागते. नव्या माणसाला, विशेषतः मराठी माध्यमातील शिक्षकाला, हे जड जाते. काही उलटसुलट झाल्यास एफ२मध्ये मूळ सेटिंग परत आणण्याचे बटण आहे. ते वापरल्यावर स्थान पुन्हा इंदूर असल्याची खात्री करावी आणि मगच सेटिंग जतन करावी.